कुचेराचा संसार, प्रूइटसकट

बराकीत बातमी पसरली ती अशी: कुचेरानं बोलिंग हॉलमध्ये भेटलेल्या एका मुलीशी आठव्या दिवशी लग्न लावलं, आणि तेही केवळ सरकारी घरभाडं पदरात पाडून घ्यायला. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत आठाचे पाच दिवस झाले होते आणि मुलगी गरोदर होती. कपडे धुण्याच्या खोलीत तर तिला जुळंही झालं.

यातलं अक्षरही खरं नाही. थॅडियस कुचेरा आणि डेलेनी सिमेक नेब्रास्कातल्या एकाच गावचे, नववीपासून एका वर्गात. तिनं त्याला दोनदा नकार दिला होता, पैकी एकदा त्याच्याच चुलतभावाच्या लग्नात, पोल्का नाचाचे वाजंत्री दम खायला थांबले असताना, त्यामुळे सगळ्या मांडवाला नीट ऐकू गेला. आणि घरभाड्याचं म्हणाल, तर लग्न झालेल्या नाविकाला नौदल वेगळं घरभाडं देतं हे आमची शाळा आहे त्या उभ्या गूस क्रीक गावात एकाच माणसाला माहीत नव्हतं. लग्न लागल्यावर त्याच्या खोलीतल्या प्रूइटनं त्याला ते सांगितलं तेव्हा कुचेरा बराच वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे वर पैसेही देतात?"

कुचेराचं असंच असतं. त्याला काही विचारा, उत्तर नेब्रास्काहून ट्रकनं निघतं. वाटेत दोन ठिकाणी थांबतं. 'जेवलास का' म्हटलं तरी तो आधी छताकडे बघतो. असा माणूस अणुभट्टी चालवणारे नाविक घडवण्याच्या शाळेत कसा आला याचं आम्हा सगळ्यांना नवल वाटायचं. पण बापाबरोबर कापणीची यंत्रं खोलून त्याचे हात तयार झाले होते, आणि पंप डोळे मिटून जोडणारा आमच्या तुकडीत तो एकटाच. पंपाला उत्तराची घाई नसते.

लग्नाचं खरं कारण फोनवर ठरलं. डेलेनी गावात एका दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. ती म्हणाली, "चौदाशे मैल गाडी हाकत मी कुणाची मैत्रीण म्हणून येणार नाही. मैत्रीण म्हणून आले तर गेटाबाहेर गाडीत बसून राहणार, आणि तू दोन तासांसाठी उगवणार. बायको म्हणून आले तर निदान एक दार तरी असेल, आतून लावायला."

"मग ये," कुचेरा म्हणाला.

"मग ये म्हणजे काय? नीट विचार."

त्यानं नीट विचारलं. कोल्ड्रिंकच्या मशीनला टेकून, मागे नाणी हातात घेऊन उभ्या असलेल्या चौघांच्या देखत. या खेपेला ती हो म्हणाली.

आता यात कुचेराची समजूत अशी, की शनिवारी लग्न आणि सोमवारी घर. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडून चाळीसेक कागदांवर सह्या घेतल्या होत्या. कोणी वाचले नाहीत. वाचले असते तर कळलं असतं, की सुरुवातीचे काही महिने नाविकानं गेटाबाहेर एकट्यानं पाऊल टाकायचं नाही. एक सोबती हवा. दोघांनी मिळून जायचं, मिळून यायचं, मध्ये नजरेआड व्हायचं नाही, आणि अंगावर गणवेशच पाहिजे. नियमात नवरदेवासाठी वेगळं कलम नव्हतं.

म्हणून लग्नाला निघाले ते तिघं: हिरव्या ठिपक्यांच्या गणवेशात कुचेरा, तशाच ठिपक्यांचा त्याचा खोलीभाऊ प्रूइट, आणि पिवळ्या झग्यात डेलेनी. त्या राज्यात नोटरीही लग्न लावू शकतो. मिस अर्लीनचं दुकान टायरवाल्याच्या शेजारी. पाटीवर गाडीची कागदपत्रं, कर, जामीन आणि लग्न, याच क्रमानं.

मिस अर्लीननं चष्म्यावरून दोन्ही गणवेशांकडे पाहिलं. "पोरी, यातला कुठला तुझा?"

"मोठ्या कानांचा," डेलेनी म्हणाली.

"आणि हा?"

"हा त्याच्याबरोबर येतो."

"रोज?"

"तूर्त तरी."

मिस अर्लीन म्हणाली, "माझ्या दुसऱ्या नवऱ्याबरोबर त्याची आई यायची. हा निदान दिसायला गप्प वाटतो." प्रूइट तेव्हा शेंगदाण्याच्या पाकिटात गुंतला होता म्हणून गप्प होता. "स्वीकार आहे का" या प्रश्नाला कुचेरानं छताकडे बघितलं. डेलेनीनं त्याच्या बुटावर बूट ठेवला. उत्तर आलं.

सोमवारी अर्ज घेऊन कुचेरा तुकडीप्रमुख चीफ थिबडोंसमोर उभा राहिला. चीफ लुइझियानाचे, डोकं तुकतुकीत, आवाज काकवीसारखा. ते 'राजा' म्हणाले की समोरच्यानं पाय घट्ट रोवायचे असतात.

"कुचेरा राजा, तू लग्न केलंस."

"हो, चीफ."

"कोणाशी?"

कुचेरानं छताकडे बघितलं. "डेलेनीशी, चीफ."

"ती कोण?"

"माझी बायको, चीफ."

"मी तीन केली. पहिलं याच गावात, तुझ्याच वयात. बघ माझ्याकडे. काय दिसतं?"

कुचेरानं प्रामाणिकपणे पाहिलं. "टक्कल, चीफ."

चीफनी अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर यादी लिहायला घेतली. लग्नाच्या दाखल्याची शिक्क्याची प्रत. बायकोचं ओळखपत्र. भाडेकरार. घराची तपासणी. मग नौदलाच्या बाजूनं चीफची सही, चीफच्या वरच्याची सही, त्याच्या वरच्याची सही, शेवटी कॅप्टनसाहेबांची. "सगळं सुरळीत झालं तर सहा आठवडे. नौदलात सुरळीत झालेलं मी अजून पाहिलं नाही. तोवर तुझा मुक्काम खोली दोनशे चौदा, प्रूइटबरोबर."

तर कुचेराचा संसार असा सुरू झाला. डेलेनीनं महामार्गाला लागून दोन खोल्या घेतल्या. सामान म्हणजे हवा भरायची गादी, घडीची एक खुर्ची आणि एक दिवा. गादीला कुठेतरी बारीक भोक होतं. पहाटेपर्यंत ती फरशीवर येई. आठवडाभर कुचेरा वर्गात आणि वर्गानंतर सक्तीच्या अभ्यासाला. वह्या गुप्त, शाळेबाहेर न्यायच्या नाहीत, म्हणजे बायकोशेजारी बसून अभ्यास हाही मार्ग बंद. उरले शनिवार-रविवार. आणि शनिवार-रविवारी प्रूइट.

खुर्ची एकच, आणि तिच्यावर प्रूइट. नवराबायको गादीच्या काठावर, आणि प्रूइट समोर बसून शाळेतल्या बास्केटबॉलची हकिगत सांगतोय.

"प्रूइट, जरा खाली एक चक्कर मारून येशील का?" डेलेनी म्हणायची.

"नियमात बसत नाही. नजरेआड व्हायचं नाही."

"कोण बघतंय?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे." तत्त्व असं होतं, की बराकीतलं गार हवेचं यंत्र बिघडलेलं होतं आणि डेलेनीच्या घरातलं चालत होतं.

शेवटी तोड निघाली ती डेलेनीच्याच डोक्यातून. न्हाणीघर हे त्याच घरात मोडतं, म्हणजे सोबती सोबतच आहे. तिनं टबात उशी टाकली, प्रूइटच्या हातात बटाट्याच्या चकत्यांचं पाकीट दिलं, कानात गाणी लावली आणि दार ओढून घेतलं. दर तासानं आतून आवाज यायचा, "मी अजून आहे."

"कळलं," कुचेरा म्हणायचा.

चार आठवडे असे गेले. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर सरकत होता, आणि चक्क सुरळीत. ओळखपत्र झालं, तपासणी झाली, तीन सह्या झाल्या. बुधवारी कॅप्टनसाहेब सही करणार आणि शुक्रवारी कुचेरा बोचकं उचलून बायकोकडे जाणार, इथवर आलं. आणि त्या आधीच्या रविवारी कोलाचे आले.

डेलेनीच्या आजीनं नोटरीचं लग्न मनाला लावून घेतलं होतं. ना चर्च, ना पोल्का, ना जेवणावळ. त्यांच्या चेक लोकांत लग्नाआधी बायका जमून शेकड्यांनी कोलाचे भाजतात आणि आल्यागेल्याला, न आलेल्यालासुद्धा, डबा पोचवतात. कोलाचे म्हणजे तळहाताएवढा गोड पाव. मध्ये खळगा, खळग्यात सारण. त्याशिवाय लग्न झालं असं कोणी मानत नाही. तेव्हा आजीनं एकटीनं बारा डझन भाजले आणि मामाच्या ट्रकातून पाठवले. अर्धे जर्दाळूचे, अर्धे काळे.

डेलेनी हुशार. तिला बराकीतल्या जुळ्यांची बातमी कळली होती. तिनं एकही डबा ठेवून घेतला नाही. सगळे गेटावर आणले. "सगळ्यांना दे," ती कुचेराला म्हणाली. "ज्यांनी माझं बाळंतपण केलं त्यांना दोन-दोन जास्त."

बराकीनं त्यांचा फडशा पाडला. ज्यांनी सर्वांत जास्त तोंड चालवलं होतं त्यांनीच आताही सर्वांत जास्त चालवलं. चीफ थिबडो कशालातरी आले होते. त्यांनी उभ्या उभ्या एक खाल्ला, मग दुसरा, मग खुर्ची ओढली. "राजा, तुझी बायको राहिली पाहिजे," ते म्हणाले. चार खाऊन गेले.

सोमवारी सकाळी सहाला शिट्टी वाजली. अचानक तपासणी, सबंध तुकडीची, चीफसकट. म्हणजे अमली पदार्थांची: हातात झाकणाचा प्याला घ्यायचा, रांगेत उभं राहायचं, आणि आपला नंबर आला की एका अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत तो भरून द्यायचा. त्या अधिकाऱ्याच्या पगारात या कामाचे काही वेगळे पैसे मिळत नाहीत, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसायचं.

कुचेरा नववा होता. पुढचे आठ जण सावकाश सरकत होते, म्हणून त्याला भिंतीवरचा कागद वाचायला वेळ मिळाला. नाविकांनी काय खाऊ नये याची यादी होती. भांगेचं तेल. अमुक गोळ्या. आणि सहाव्या ओळीत: खसखस. खाल्ल्यास तपासणीत अफू उतरू शकते. खाली लिहिलं होतं, की हे वाचल्याची सही प्रत्येकानं दिलेली आहे.

दिली होती. चाळीसातला तो एक.

आजीच्या काळ्या कोलाच्यांत खसखशीचंच पुरण. लहानपणापासून तो ते खात आला होता आणि आजवर त्याला कोणी प्याल्यात ओतायला सांगितलं नव्हतं. त्यानं मागे वळून पाहिलं तर प्रूइट प्याला डोक्यावर टोपीसारखा धरून हसत होता. प्रूइटच्या पोटात सात होते.

कुचेरानं हिशेब मांडला, त्याच्या गतीनं. गप्प बसावं तर कदाचित काहीच उतरणार नाही, बुधवारी सही, शुक्रवारी डेलेनी. उतरलं तर शाळेतून आणि नौदलातूनही हकालपट्टी, त्याची एकट्याची नव्हे, ज्यांनी ज्यांनी खाल्ले त्या सगळ्यांची. आणि बोलावं तर चौकशी, म्हणजे अर्ज तिथंच गोठला, आणि चौकशीच्या कागदावर बायकोचं नाव. पुढचा माणूस आत गेला. कुचेरा रांगेतून बाहेर पडला.

"चीफ, एक सांगायचं होतं."

"प्याला भरल्यावर सांग."

"भरायच्या आधीच सांगायला हवं, चीफ. कालचे ते कोलाचे. काळे होते ते खसखशीचे."

पहिल्यांदाच असं झालं की कुचेरा उत्तराची वाट बघतोय आणि समोरचा छताकडे पाहतोय.

"मी चार खाल्ले," चीफ म्हणाले.

"हो, चीफ. चारही काळे."

"राजा, इकडे ये." आवाज खाली आला. "हे तू मला सांगितलंस, आता मला लिहावं लागणार. लिहिलं की तुझा अर्ज थांबला, किती दिवस ते देवाला ठाऊक. पण मी एकोणीस वर्षं इंजिनखोलीत काढलीत. माझा हा कान गेलाय, आणि तू नेमका त्याच बाजूला उभा आहेस. अजून मागे जाऊन रांगेत उभा राहिलास तरी चालेल."

कुचेरानं वेळ घेतला. रांग दोनदा पुढे सरकली. शेवटी तो वळसा घालून चीफच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"काळे कोलाचे खसखशीचे होते, चीफ. लिहा."

मग चीफनी वही काढली आणि कोणी कोणी काळे खाल्ले ते विचारलं. आदल्या दिवशी जे हात डब्यात होते ते आता वर गेले, पण अर्धेच. प्रूइट म्हणाला, "सात. का आठ? डब्यातला चुरा धरायचा का?" चोवीस नावं झाली. सर्वांत वर चीफनी स्वतःचं लिहिलं.

ज्या माणसानं बराकीची अब्रू वाचवली त्याचे बराकीनं आभार कसे मानले ते सांगायला हवं. त्याला 'अफूवाला' म्हणायला सुरुवात केली. जेवणाच्या रांगेत मीठ मागितलं तरी कोणीतरी म्हणायचं, "थांब, आधी चीफना विचारून येतो." अर्ज बुधवारी सहीवाचून परत आला, प्रयोगशाळेचं उत्तर येईस्तोवर स्थगित.

कुचेरानं डेलेनीला फोनवर सांगितलं.

"आजीला सांगायचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तू सांगितलंस ते बरं केलंस."

"तुझं नाव लागलं कागदावर."

"लग्नाच्या दाखल्यावर लागलंय, त्याहून काय वाईट होणार? किती दिवस म्हणाले?"

"माहीत नाही."

"बरं. शनिवारी येताना गादीला लावायला पंक्चरची चिकटपट्टी आण. आणि प्रूइटला सांग, टबात चकत्यांचा चुरा पडतो."

महिना उलटला. उत्तर नाही. याच सुमारास नेब्रास्काचा दातांचा डॉक्टर डेलेनीला फोन करू लागला: तुझी जागा एक डिसेंबरपर्यंत रिकामी ठेवतो, परत ये. हे प्रूइटनं कानातली गाणी काढून टबातून अर्धवट ऐकलं, आणि प्रूइटनं ऐकलं म्हणजे तिन्ही मजल्यांनी ऐकलं. सगळ्यांना वाटलं, संपलं. बसकी गादी, एक खुर्ची, नवरा आठवड्यातून दोन दिवस आणि तोही जोडीला एक घेऊन. कोण राहील?

एवढं वाटण्यावर मी थांबलो असतो तर बरं होतं. पण मला डेलेनीचा आवाज हुबेहूब काढता येतो, आणि जेवणाच्या टेबलावर मी तो काढला: "डॉक्टरसाहेब, येते मी, इथल्या माणसांपेक्षा तिथले दात बरे." सगळे हसले. कुचेरा जेवत होता.

"ती जायची नाही," तो म्हणाला.

"एक डिसेंबरच्या आत जाते. लाव पैज."

त्यानं छताकडे पाहिलं. मला वाटलं, घाबरला. "काय लावायची?"

"नाताळच्या दिवसाचा पहारा. माझा तुझ्या गळ्यात, नाहीतर तुझा माझ्या."

"बरं," कुचेरा म्हणाला, आणि बटाटे संपवले.

प्रयोगशाळेचं उत्तर चोवीस नोव्हेंबरला आलं. बावीस प्याले कोरे. दोन नव्हते: एक प्रूइटचा आणि एक चीफचा. कुचेरानं प्याला भरायच्या आधी तोंड उघडलं होतं आणि ते त्याच सकाळच्या तारखेनं वहीत होतं, म्हणून दोन्ही प्रकरणं एका दुपारी मिटली. नसतं तर प्रूइट घरी गेला असता. चीफ तर पेन्शनला एक वर्ष राहिलं असताना रिकाम्या हातानं गेले असते. त्या दुपारी चीफ कुचेराचा अर्ज स्वतः हातात घेऊन कॅप्टनसाहेबांच्या दारात उभे राहिले आणि सही होईपर्यंत हलले नाहीत. बाहेर आल्यावर कुचेराला एवढंच म्हणाले, "जा." राजा म्हणाले नाहीत.

शुक्रवारी कुचेरा बोचकं घेऊन निघाला. आता बाहेर राहायची परवानगी होती, सोबत्याची गरज नव्हती. तरी प्रूइट दारापर्यंत पोचवायला गेला, आणि सवयीनं आतही गेला. डेलेनीनं त्याला खांद्याला धरून फिरवलं आणि बाहेर काढलं, आणि मग आतून कडी लागल्याचा आवाज आला, असं प्रूइटच सांगतो.

एक डिसेंबरला डेलेनी गूस क्रीकमध्येच होती. मी कुचेराला गाठलं. दातांच्या डॉक्टरचं काय झालं, ते विचारलं.

"त्याला तिनं पहिल्याच फोनला नाही म्हणून सांगितलं. इथल्या दवाखान्यात लागली ना ती. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून."

"म्हणजे पैज लावताना तुला माहीत होतं?"

या वेळी उत्तर यायला अजिबात वेळ लागला नाही.

"हो."

पंचवीस डिसेंबरला, बारा ते चार, बराकीच्या दारातल्या टेबलाशी कुचेराच्या जागी मी उभा होतो.